घडीचा चाकू आणि टिकाऊपणाची कसोटी : नगर जिल्ह्यातील एका लहान हत्याराचा इतिहास

हत्यारांच्या इतिहासात अभ्यासकांचे लक्ष बहुधा दोन टोकांकडे जाते. एका टोकाला तलवार, कट्यार आणि तोफ. दुसऱ्या टोकाला नांगर, पाभर आणि मोट. या दोहोंच्या मधे माणसाच्या कमरेला, कनवटीला किंवा खिशात राहणारे जे लहानसे पाते, त्याचा विचार क्वचितच होतो. ते लढाईचे नव्हे आणि शेतीचेही नव्हे. दोरी कापणे, फळ चिरणे, बोरू तासणे, काटा काढणे अशा किरकोळ कामांत त्याचे आयुष्य जाते. परंतु रोजच्या वापराची वस्तू निवडताना मनुष्य जी कसोटी लावतो, तिच्यात त्या काळची उत्पादनव्यवस्था स्पष्ट उमटलेली असते. ‘टिकाऊ’ हा शब्द सर्व काळी एकच राहिला, त्याचा अर्थ मात्र राहिला नाही. अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कारण गारेच्या पात्यापासून गिर्यारोहकाच्या खिशातील चाकूपर्यंतचा प्रवास या एकाच जिल्ह्याच्या हद्दीत पाहावयास मिळतो.

प्रारंभ प्रवरेच्या काठी होतो. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये आणि नेवासे येथे १९५४ ते ५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनी जी उत्खनने केली, त्यांतून दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाचे चित्र प्रथमच स्पष्ट झाले. जोर्व्याने त्या संस्कृतीला नावच दिले. तिचा काळ इ. स. पू. सुमारे १४०० ते १००० असा सामान्यतः मानला जातो. जोर्वे येथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. तथापि त्या वस्तीतील रोजचे कापणे, सोलणे, तासणे तांब्यावर चालत नव्हते. तांबे महाग आणि मऊ. रोजचे पाते होते ते कॅल्सेडनी या गारेच्या जातीचे. काळ्या खडकाच्या या प्रदेशात नदीच्या गोट्यांत ही गार विपुल सापडते. तिच्या गाभ्यावर आधी एक दातेरी कणा तयार करावयाचा आणि त्या कण्याच्या आधाराने समांतर कडांची लांबट पाती एकामागून एक उतरवावयाची, अशी त्या कारागिरांची पद्धत होती. ती पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत बसविली जात.

या पात्याची धार ताजेपणी उत्तम पोलादाच्या धारेला हार जात नाही. त्याचा दोष निराळा : ते ठिसूळ असते, आणि बोथटल्यावर निसण्यावर घासून त्याला पहिली धार आणता येत नाही. म्हणून ते काढून टाकावयाचे आणि मुठीत दुसरे बसवावयाचे. टिकत असे ती मूठ. पाते हे खर्चावयाचेच होते. दायमाबाद येथे १९७४ मध्ये मिळालेली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांची ओतीव धातुशिल्पे एकूण साठ किलोंहून अधिक वजनाची आहेत. त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत. पण धातूचे एवढे वैभव ज्या खोऱ्यात प्रकट झाले, त्याच खोऱ्यातील वस्त्यांत सामान्य माणसाचे पाते दगडाचे होते, ही गोष्ट धातुयुगांच्या नावांनी भारून जाणाऱ्या विद्यार्थ्याने विसरू नये.

लोखंड आल्यावर हा व्यवहार पालटला. नेवाशाच्या सातवाहनकालीन थरांत लोखंडी वस्तू मिळतात. लोखंडाचे पाते मोडले तर जोडता येते, झिजले तर वाढविता येते, बोथटले तर पुन्हा धारेवर आणता येते. यासाठी लागणारा मनुष्य गावगाड्याने कायमचा बांधून घेतला. लोहार हा थोरल्या कासेचा बलुतेदार. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांवगाडा’ या १९१५ च्या ग्रंथात बलुत्याच्या या व्यवस्थेचे गुणदोष पुरेशा परखडपणे मांडलेले आहेत. कुणब्याने लोखंड व कोळसा पुरवावयाचा, प्रसंगी भाताही ओढावयाचा, आणि लोहाराने वर्षभर फाळ, कुळवाची पास, विळे, खुरपी दुरुस्त ठेवून सुगीला खळ्यावर धान्य घ्यावयाचे, असा साधारण रिवाज होता. अशा व्यवस्थेत ‘टिकाऊ विळा कोणता?’ हा प्रश्न उद्भवतच नाही. विळा झिजणार हे गृहीतच असते; तो पाजविण्याचा हक्क टिकाऊ असतो. पाते निवडावयाचे नसे. फार तर लोहार निवडता आला असता, आणि बलुत्यात तोही वंशपरंपरेने ठरलेला असे.

या कारागिरीची परिभाषा मराठीत मुरलेली आहे. पोलादाचे पाते लाल करून पाण्यात बुडविणे म्हणजे त्याला ‘पाणी देणे’. ते फाजील तापून नरमले तर त्याचे ‘पाणी गेले’. माणसाला पाणीदार म्हणताना भाषेने ऐरणीजवळचे शब्द उचलले असावेत, असे वाटल्यावाचून राहत नाही. नुसत्या बुडविण्याने पाते कठीण होते, पण काचेसारखे तडकूही शकते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर धरून पृष्ठभागावर पिवळसर, मग तपकिरी छटा चढू लागताच थांबावे लागते. निळी छटा आली की ते कमानीला योग्य, धारेला अयोग्य. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. लोहाराच्या आणि गावोगाव बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या घिसाड्याच्या डोळ्यांत होते. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सतराव्या, म्हणजे नगरच्या, खंडात कारागीर जातींच्या वर्णनात हे दोन्ही वर्ग आढळतात.

मग या व्यवस्थेत खिशातला चाकू कोठे बसत होता? घरात तर त्याला जागाच नव्हती. मराठी स्वयंपाकघराचे पाते म्हणजे विळी. तिचे पाते पाटाला जखडलेले असते, बसणारी स्त्री तिला पायाने दाबून धरते आणि भाजी पात्याकडे नेते. युरोपीय स्वयंपाकात हात पात्याला पदार्थाकडे नेतो. येथे नेमके उलट. शेतात विळा, रानात कोयता. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात कमरेच्या आकडीत अडकविलेला कोयता हाच माणसाचा सोबती. त्याने फांदी तुटते, वाट मोकळी होते, आणि वेळ पडल्यास कांदाही चिरला जातो. बिजागराच्या, म्हणजे खिळ्याभोवती फिरणाऱ्या पात्याची कल्पना मात्र गावाला अपरिचित नव्हती. चंचीतील अडकित्ता, शिंप्याची कातर आणि न्हाव्याच्या धोकटीतील मुठीत मिटणारा वस्तरा ही तिची तीन उदाहरणे प्रत्येक मोठ्या गावात होती. कनवटीला उघडे पाते खोचता येत नाही. म्यान करावे किंवा पाते मिटावे, एवढेच दोन मार्ग. घडीच्या चाकूची सारी उपपत्ती या एका अडचणीत आहे.

शब्दांचा इतिहासही याला अनुकूल आहे. ‘सुरी’ हा संस्कृत छुरिकेचा वंशज, तर ‘चाकू’ तुर्कीतून फारसीच्या वाटेने आलेला. चाकूला प्रतिष्ठेची जागा मिळाली ती दफ्तरात. मोडी लेखनाचा बोरू तिरकस तासून त्याच्या टोकाला बारीक चीर द्यावी लागे आणि काही पाने लिहून झाली की टोक पुन्हा तासावे लागे. कुलकर्ण्याच्या कलमदानाशेजारी लहान चाकू असणे हे त्यामुळे शोभेचे नसून गरजेचे होते. इंग्रजांच्या भाषेतही खिशातल्या लहान चाकूला लेखणीवरूनच नाव पडले आहे; पिसाची लेखणी आणि बोरू या दोहोंनी दोन खंडांत एकाच हत्याराला जन्म दिला, असे म्हणावयास हरकत नाही. पोलादी टाक प्रचारात आल्यावर चाकूचे हे काम गेले आणि त्याच्याकडे पेन्सिल तेवढी उरली.

दुसरी वाट छावणीची. जनरल वेलस्लीने ८ ऑगस्ट १८०३ रोजी नगरची पेठ आणि १२ ऑगस्टला किल्ला घेतला. १८१८ नंतर जिल्हा इंग्रजी अमलाखाली स्थिर झाला आणि भिंगारलगत लष्करी वस्ती वाढली. नगरच्या माणसाला ‘कॅम्प’ म्हटले की आजही तंबू आठवत नाही, भिंगार आठवते. तथापि शब्दाचा मूळ अर्थ येथे उपयोगी आहे, कारण घडीचा चाकू ही खरोखरच तंबूतल्या माणसाची वस्तू आहे. विळी घरी राहते, लोहार गावी राहतो. कूच करणाऱ्या शिपायाला दोन्ही दुर्लभ. त्याला जे पाते हवे ते एकटे पुरले पाहिजे. ब्रिटिश फौजेत दोरीने कमरेला अडकविण्याचा घडीचा चाकू दिला जाऊ लागला, त्यात पात्याबरोबर डबा फोडण्याचे अवजार आणि दोराच्या गाठी सोडविण्याचा अणकुचीदार दाभण असे. डबाबंद अन्न हे नव्या फौजेचे लक्षण. त्याने चाकूत दुसरे पाते घातले. स्वित्झर्लंडमध्येही हेच घडले. तेथील सैन्याने १८९१ मध्ये शिपायांना दिलेल्या चाकूत पाते, डबाफोडे, दाभण आणि बंदुकीचे स्क्रू फिरविण्याचे अवजार होते. पहिला पुरवठा स्वदेशी कारखान्यांना झेपला नाही, म्हणून तो जर्मनीतील झोलिंगेनहून आला. कार्ल एल्सेनर याने पुढे तो धंदा आपल्या देशात आणला आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू नोंदविला. आज त्या घराण्याच्या कारखान्याचे नाव जगभर चाकूचा पर्याय झाले आहे.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाल्यावर मुंबईला उतरणारा शेफील्ड आणि झोलिंगेनचा माल नगरच्या आवाक्यात आला. तो माल तयार येत असे. त्याचे पोलाद कोणते, पाणी कोणी दिले, मूठ कशी बसविली, हे गिऱ्हाइकाला दिसत नसे. टिकाऊपणाच्या अर्थातील खरा बदल येथे घडला. बलुत्यात टिकाऊपणा म्हणजे दुरुस्तीचा भरवसा. बाजारात टिकाऊपणा म्हणजे दुरुस्तीची वेळच न येण्याचा भरवसा, आणि तो छापावरून, किंमतीवरून, दुकानदाराच्या शब्दावरून अजमावावयाचा. निवड नावाचे ओझे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आले ते तेव्हापासून. स्वातंत्र्योत्तर काळात सैन्याचा चिलखती दलाचा विभाग नगरला १९४८ मध्ये आला, शहरातील लष्करी वस्ती टिकून राहिली. परंतु खेड्यातील चाकूचा पुरवठा मुख्यतः आठवड्याच्या बाजारातूनच होत राहिला.

हे ओझे पेलण्यासाठी घडीच्या चाकूची रचना समजून घेतली पाहिजे. अखंड पात्यात एकच जोड असतो, पाते आणि मूठ यांचा. घडीच्या चाकूत सारा भार एका खिळ्यावर येतो. पाते पोलादाने नव्हे, खिळ्याच्या ढिलाईने मरते : प्रथम ते किंचित डावीउजवीकडे डुलू लागते, मग भोक लांबट होते, मग धार मुठीच्या आतल्या कडेला घासून बोथटते. म्हणून दुकानात चाकू हाती घेणाऱ्या जाणत्या माणसाने आधी धार पाहू नये. पाते अर्धे उघडून टोकाशी धरावे आणि बाजूला हलवून पाहावे. धार घरी आणता येते, ढिला खिळा घरी घट्ट होत नाही. निदान होत नसे.

दुसरा प्रश्न उघडलेले पाते उघडेच कसे राहावे याचा. रोमन काळातील अनेक घडीच्या चाकूंत त्यासाठी घर्षणाखेरीज काही नव्हते. पाठीमागे कमान बसवून पात्याला दोन स्थितींत रेटून धरण्याची युक्ती सतराव्या शतकात शेफील्डला रुळली. स्विस चाकू आजही त्याच कमानीवर चालतो. ही कमान पात्याला थोपविते, अडवीत नाही. चाकूचे टोक एखाद्या लाकडात खुपसले आणि हात पुढे सरकला, तर पाते बोटांवर मिटते. सावॉय प्रांतातील जोसेफ ओपिनेल याने १८९० पासून जो लाकडी मुठीचा चाकू केला, त्याला १९५५ मध्ये फिरणारे कडे बसले. ते फिरविले की पाते मिटत नाही. अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ मध्ये पाठीवरील खटक्याचा जड चाकू बाजारात आणला आणि तेव्हापासून शिकारी व भटकणाऱ्या माणसांत खटका जवळजवळ अपरिहार्य ठरला. आपल्याकडे मात्र खटका या शब्दाला हिंदी चित्रपटांतील रामपुरीने वाईट वळण लावले. सुरक्षिततेसाठी केलेली योजना धाक घालण्याची वाटू लागावी, हा त्या वस्तूवर झालेला अन्यायच आहे.

पोलादाची निवड नगर जिल्ह्यात भूगोलावर अवलंबून आहे. जिल्ह्याचा पूर्व भाग अवर्षणाचा. तेथे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी बरे वर्ष म्हणतात. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर, घाटघर आणि रतनवाडी यांच्या परिसरात, तो आकडा हजारांनी मोजावा लागतो. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले ते याच पाण्याच्या भरवशावर. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि रतनगड याच टापूत असल्याने मुक्कामाच्या तयारीने निघणारा गिर्यारोहक नेमका तेथेच जातो, आणि पावसाळ्यात जातो. साध्या पोलादाला, ज्यात सुमारे एक टक्का कर्ब असतो आणि क्रोमियम नसते, कोरड्या शेवगाव-पाथर्डीत तेलाचे एक बोट पुरते. रतनवाडीत आषाढात ते एका रात्रीत तांबूस होते. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियम घालून न गंजणारे पोलाद सिद्ध केले. एल्सेनरच्या कारखान्याने १९२१ मध्ये ते स्वीकारले. आरंभीचे हे पोलाद धार धरीत नाही अशी तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. आजच्या पोलादांना ती लागू पडत नाही. तरीही प्रत्येक पोलादात काही घ्यावे लागते, काही सोडावे लागते. स्विस चाकूचे पोलाद रॉकवेल मापाने ५६ च्या आसपास कठीण असते. ते लवकर बोथटते, पण साध्या निसण्यावर चार हातांत पुन्हा चालू होते. साठीच्या घरातील पोलाद महिनोन्‌महिने धार धरते; मात्र बोथटले की ओढ्याकाठचा दगड त्यास दाद देत नाही, हिऱ्याच्या कणांची पट्टी जवळ असावी लागते. मुक्कामाच्या माणसाने कोणते घ्यावे याचे उत्तर त्यामुळे पोलादाच्या तक्त्यात नाही, सोबत घेतलेल्या निसण्यात आहे. अवघड वाटेवर मऊ पण आज्ञाधारक पाते अधिक टिकाऊ ठरते, हे मत लोहाराला मान्य झाले असते.

कायद्याची बाजूही दृष्टीआड करून चालणार नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यातील व्याख्येत तलवार, खंजीर, भाले, धनुष्यबाण होते. १९५९ च्या कायद्याने तीक्ष्ण धारेची हत्यारे व्याख्येत घेतली, पण निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू वगळल्या. १९६२ च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची मर्यादा आली, आणि तेथेही घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक उपयोगाची सूट होती. खिशात मावणारे तीन-साडेतीन इंचांचे पाते या मर्यादेच्या पुष्कळ आत राहते. तथापि १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातील, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील, सदतिसाव्या कलमाखाली जेव्हा मनाईहुकूम निघतो, तेव्हा बाळगण्यास बंदी असलेल्या वस्तूंत सुऱ्या व लाठ्या यांचा स्पष्ट उल्लेख असतो, आणि तेथे इंचांचा हिशेब चालत नाही. अशा दिवसांत शेताकडे निघालेल्या माणसाचा विळा आणि प्रवाशाच्या खिशातील चाकू यांत फरक दिसतो तो पाहणाऱ्याच्या नजरेत : विळा उघडा असूनही निरुपद्रवी वाटतो, चाकू मिटलेला असूनही संशयास्पद. सतत बाळगावयाच्या चाकूसाठी लहान, खटक्याविना, कमानीचा नमुना बरा आणि मुक्कामासाठी कड्याचा किंवा खटक्याचा, ही विभागणी केवळ कामाची नाही, या नजरेचीही आहे.

दुरुस्तीचा प्रश्न येथवर आल्यावर पुन्हा उपस्थित होतो. बलुते मोडले, लोहार ट्रकच्या कमानपाट्यांपासून कोयते घडवू लागला, आणि त्या पाट्याचे पोलाद जुन्या बाजारी लोखंडापेक्षा निःसंशय सरस असल्याने त्याचे कोयते उत्तम निघतात. धार लावणारा माणूस सायकलच्या चाकावर सहाण फिरवीत आजही दारी येतो. त्याच्या कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या दगडावर जाड विळ्याचे काही बिघडत नाही. चाकूची बारीक धार मात्र ठिणग्यांबरोबर इतकी तापते की कडेला निळी रेघ उमटते. त्या रेघेपुरते पाते आपले पाणी गमावून बसते, आणि मालक चार दिवसांनी पोलादाला दोष देतो. ओला दगड, मंद हात आणि वीस अंशांच्या आसपासचा कोन यांनी हे टळते.

गेल्या काही दशकांत चाकूच्या मुठी रिव्हेटऐवजी स्क्रूने जोडण्याची पद्धत रूढ झाली आहे. असा चाकू लहान पेचकसाने पूर्ण उघडता येतो; रतनवाडीच्या चिखलातून आल्यावर पाती, पट्ट्या, कमान वेगळी करून पुसावी, खिळ्याला तेलाचा थेंब द्यावा, स्क्रू इतकाच आवळावा की पाते डुलणार नाही आणि अडणारही नाही. जोर्व्याच्या माणसाने मूठ जपून पाते बदलले, कुणब्याने लोहाराकडून पाते वाढवून घेतले. या चाकूत खिळा, पाते, मूठ यांपैकी जे झिजेल ते स्वतः मालकाला बदलता येते, मात्र ते सुटे भाग मिळत असतील तोपर्यंतच. म्हणून चाकू पारखताना खिळा हलवून पाहण्याबरोबर त्या खिळ्याचे टोक कोणत्या घाटाचे आहे आणि त्याला लागणारा पेचकस नगरच्या बाजारात मिळतो की नाही, हेही विचारून घ्यावे लागते.